वाऱ्यात थरथरणारी डोलकाठी: सगळ्या तारा आवळण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३२ फुटी जुनी क्रूझर, १२ मीटरची अॅल्युमिनियमची डोलकाठी, तीही डेकवर उभी केलेली. मास्टहेड रिग (रिग म्हणजे डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारा), म्हणजे फोरस्टे, पुढून धरणारी तार, थेट टोकापर्यंत जाणारा. स्प्रेडरची, म्हणजे बाजूच्या तारा बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांची, एकच जोडी, सरळ आडवी. दोन्ही बाजूंना एकेक कॅप श्राउड (टोकापर्यंत जाणारी बाजूची तार) आणि दोन-दोन लोअर (स्प्रेडरपर्यंतच जाणाऱ्या तारा), एक पुढचा, एक मागचा. बोट मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या पक्क्या बोयाला बांधलेली असते. दुपारी वारा ८-१० नॉटवर गेला की शिडं उतरवलेली असतानाही डोलकाठीचा मधला भाग पुढे-मागे थरथरतो आणि केबिनमधली भांडी वाजायला लागतात. शेजारच्या बोटीवरचे काका म्हणतात, "सगळ्या तारा दोन-दोन आटे आवळ, गप्प बसेल." आवळाव्यात का?

नका आवळू. निदान सगळ्या नकोत, आणि कॅप श्राउड तर मुळीच नकोत. तुमच्या रिगवर त्यानं थरथर वाढण्याचीच शक्यता जास्त. कारण सविस्तर सांगतो, कारण ते एकदा पटलं की पाना कुठल्या टर्नबकलवर (तार आवळायच्या स्क्रूवर) ठेवायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी वारा काय करतो ते बघू. वारा गोल किंवा अंडाकृती खांबावरून जातो तेव्हा त्याच्या पाठीमागे एकदा या कडेनं, एकदा त्या कडेनं भोवरा सुटतो. प्रत्येक भोवरा सुटताना खांबाला आडवा धक्का देतो. वारा ज्या दिशेनं वाहतो त्या दिशेला नव्हे, तिच्या काटकोनात. हे धक्के ठराविक लयीत येतात. स्ट्रोहल नावाच्या चेक शास्त्रज्ञानं १८७८ मध्ये वाऱ्यात गाणाऱ्या तारांवर काम करून लयीचा हिशोब मांडला: वाऱ्याचा वेग भागिले खांबाची रुंदी, गुणिले साधारण ०.२. नळीच्या आकारानुसार हा ०.२ थोडा हलतो, पण आपल्या कामाला पुरतो.

तुमच्या डोलकाठीची पुढे-मागची जाडी १५ सेंटिमीटरच्या आसपास असणार. वारा बाजूनं आला तर त्याला तीच रुंदी दिसते. १० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ५ मीटर, तेव्हा सेकंदाला ६-७ धक्के. १५ नॉटला १०. आता अशा नळीची स्वतःची लय बघा. फक्त दोन टोकांना धरलेली १२ मीटरची डोलकाठी सेकंदाला अडीच-तीनदा डोलते. तीच मधोमध पक्की धरली तर दोन्ही अर्धे तुकडे जवळजवळ चौपट वेगानं, सेकंदाला दहाएक वेळा थरथरतात. लोअर ढिले असतील तर डोलकाठी धड मोकळी नाही, धड धरलेली नाही, आणि तिची लय या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. म्हणजे नेमकी ७, ८, १० नॉटच्या टप्प्यात, जिथे आपलं खारं वारं दुपारभर वाहत असतं.

वर आणखी एक खोड आहे. खांब एकदा हलायला लागला की भोवरे त्याची लय पकडतात. मग वारा नॉट-दोन नॉट वरखाली झाला तरी लय सुटत नाही. म्हणून झोतावाऱ्यापेक्षा एकसारखा वाहणारा वारा जास्त त्रास देतो. हा विषय निघाला की कुणीतरी १९४० साली पडलेल्या टॅकोमाच्या पुलाचं नाव काढतोच. तो पूल पडला तो वेगळ्या कारणानं, पुलाचा पट्टाच पिळवटून स्वतःचं डोलणं वाढवत गेला. त्या फिल्मला घाबरून डोलकाठी उतरवायची गरज नाही.

आता दिशेकडे या, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. वारा समोरून आला तर धक्के डावी-उजवीकडे बसतात, आणि त्या दिशेनं डोलकाठीला श्राउड आणि स्प्रेडर भक्कम धरून असतात. वारा बाजूनं आला तर धक्के पुढे-मागे बसतात, आणि त्या दिशेनं मध्यभागी धरणारं तुमच्याकडे काय आहे? फक्त चार लोअर. स्प्रेडर सरळ आडवे असल्यामुळे कॅप श्राउड पुढे-मागे काहीच धरत नाहीत. फोरस्टे आणि बॅकस्टे (मागून धरणारी तार) फक्त टोक धरतात.

"पण मूरिंगवरची बोट तर वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते ना?" साहेब, मुंबईत नाही. उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, आणि खोल किलच्या (तळाशी पाण्यात उतरलेल्या जड पात्याच्या) बोटीला वाऱ्यापेक्षा पाण्याचा ओढा जास्त वळवतो. ओढा साधारण ईशान्य-नैऋत्य, आणि दुपारचा वारा वायव्येकडून. म्हणजे ऐन भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत बोट वाऱ्याला आडवी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ओढा मंद असतो, बोट वाऱ्याकडे तोंड करते, आणि तुमची थरथर आपोआप कमी होत असणार. एकदा तिथीशी ताडून बघा. हे जुळलं तर निदान जवळपास पक्कं झालं असं समजा.

आता काकांच्या सल्ल्याबद्दल. सतारीची तार पिळली की सूर चढतो, म्हणून आपल्याला वाटतं की रिग पिळली की डोलकाठीचाही सूर चढेल आणि वाऱ्याच्या तावडीतून सुटेल. पण ताण येतो तो तारांना. डोलकाठीवर त्या सगळ्या ताणाचा उभा दाब येतो, आणि दाबाखालच्या खांबाची लय उलट उतरते. वाकून मोडायला जेवढा दाब लागतो त्याच्या निम्मा दाब आला तर ती साधारण ३० टक्क्यांनी खाली येते. साध्या हिशोबानं, तुमच्यासारखी डोलकाठी मध्ये कुठेच धरलेली नसेल तर पुढे-मागच्या दिशेनं ती दीड-पावणेदोन टनांवरच बाक धरेल. दोन कॅप श्राउड, फोरस्टे आणि बॅकस्टे मिळून नेहमीच्या ताणातही तेवढा दाब सहज देतात. डोलकाठी उभी आहे ती लोअर मध्ये धरून असतात म्हणून. लोअर ढिले ठेवून कॅप आणि बॅकस्टे आवळत गेलात तर तुम्ही तिला आणखी लुळी करताय.

म्हणून काम दोन ठिकाणी करायचं: मधला भाग पुढे-मागे धरणं, आणि डोलकाठीला मुद्दाम थोडा पुढे बाक देणं. बाक दिला की उभा दाब तिला सतत पुढेच ढकलतो, मागचे लोअर तिला मागे ओढून धरतात, आणि मध्ये मोकळा खेळ उरत नाही. सरळसोट डोलकाठी मात्र क्षणात पुढे, क्षणात मागे जायला मोकळी असते. या बाकाला सगळे प्री-बेंडच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी बघा.

एक, खरंच डोलकाठीच थरथरतेय का? तारांची गुणगुण वेगळी असते. ६ मिलिमीटरची तार १५ नॉटला सेकंदाला अडीचशे वेळा कंप पावते, ती कानाला ऐकू येते, डोळ्याला दिसत नाही, आणि तिनं कपबशा वाजत नाहीत. हॅलयार्ड (शीड वर चढवायचे दोर) डोलकाठीवर आपटत असतील तर टकटक ऐकू येते, ते एका सुतळीनं श्राउडकडे ओढून बांधले की संपलं. डोलकाठीच्या आत गुंडाळणारं मेनसेल (मुख्य शीड) असेल तर उभी फट वाऱ्यात बासरीसारखी घुमते. आणि इंजिन चालू असतानाच थरथर होत असेल तर वाऱ्याला दोष देऊ नका, इंजिनाचे माउंट तपासा आणि शाफ्ट सरळ रेषेत आहे का ते बघा.

दोन, मोबाइल. डिंगी (छोटी होडी) घेऊन बोटीच्या बाजूला जरा लांब उभे राहा आणि स्लो-मोशनमध्ये डोलकाठीचं चित्रण करा. बहुतेक फोन सेकंदाला २४० चौकटी घेतात. स्प्रेडरचा बुंधा पडद्यावर बोट ठेवून बघा: तो पुढे जाऊन परत यायला किती चौकटी लागतात? ३० लागल्या तर सेकंदाला ८ वेळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठला भाग जास्त हलतो. स्प्रेडरचा बुंधा सर्वांत जास्त हलत असेल तर लोअर ढिले आहेत, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. बुंधा जवळजवळ स्थिर आणि त्याच्या वरचा-खालचा भाग उलटसुलट हलत असेल तर लोअर आपलं काम करताहेत. तारा आणखी आवळून तिथे काहीही साधणार नाही, तुम्ही सरळ वारा बिघडवण्याच्या भागाकडे जा.

आता ट्यूनिंग. सकाळी वारा पडलेला असताना, पाणी उभं असताना करा. बोटीवर चार माणसं एका बाजूला बसलेली नकोत.

सगळे टर्नबकल आधी हातानं फिरतील इतके सैल करा. आटे पुसून लॅनोलिन ग्रीस लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांना चिकटून बसतात, मग करवत. मेन हॅलयार्डला पोलादी टेप बांधून वर चढवा, आणि डावी-उजवीकडच्या चेनप्लेटपर्यंत (तारा बोटीला अडकतात त्या पट्टीपर्यंत) माप घ्या. दोन्ही सारखी येईपर्यंत कॅप श्राउडनं टोक मधोमध आणा. मग त्याच हॅलयार्डला ओळंबा लावून (पाण्यानं भरलेली बादली चालते, खाली दुसऱ्या बादलीत बुडवली की डोलायची थांबते) मागचा कल बघा. तो फोरस्टेच्या लांबीवर ठरतो. पूर्वी सुकाणू हाताला ठीक लागत असेल तर त्याला हात लावू नका.

मग कॅप श्राउड. ताण मोजायला मीटर असेल तर उत्तम. नसेल तर सेल्डेन या स्वीडिश डोलकाठी-निर्मात्यांच्या पुस्तिकेत दिलेली पट्टीची पद्धत आहे, आणि मला ती स्वस्तातल्या मीटरपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. २ मीटरची सरळ लाकडी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. तार सैल असतानाच पट्टीचं वरचं टोक चिकटपट्टीनं तारेला घट्ट बांधा, खालचं टोक मोकळं, टर्मिनलच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या नळीच्या) तोंडाला अगदी टेकलेलं. आता टर्नबकल आवळा. तार लांबते तशी पट्टीचं खालचं टोक आणि टर्मिनल यांच्यात फट पडते. १ बाय १९ विणीच्या स्टेनलेस तारेत १ मिलिमीटर फट म्हणजे तार तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण. तार ५ मिलिमीटरची असो की ८ ची, हिशोब तोच, आणि हीच या पद्धतीची गंमत. तुम्हाला १५ टक्के हवेत, म्हणजे ३ मिलिमीटर. ६ मिलिमीटरची तार साधारण ३ टनांना तुटते, म्हणजे हा ताण साडेचारशे किलोच्या आसपास झाला. व्हर्नियर नसेल तर ड्रिलचं ३ मिलिमीटरचं पातं फटीत घालून बघा. दोन्ही बाजू आलटून-पालटून, अर्धा-अर्धा फेरा, फेरे मोजत आवळा.

यानंतर खरं काम. पुढचे दोन्ही लोअर आवळायला घ्या, पुन्हा अर्धा-अर्धा फेरा, दोन्हीकडे सारखा. डोलकाठीच्या बुंध्याशी बसून शिडाच्या खाचेतून वर नजर लावा. मधला भाग हळूहळू पुढे सरकताना दिसतो, आणि एकदा दिसला की पुढच्या वेळी पट्टी न लावताही अंदाज येतो. मेन हॅलयार्ड बूमच्या (मेनसेलखालच्या आडव्या दांड्याच्या) सांध्यापाशी ओढून ताठ धरा, म्हणजे टोकापासून तिथपर्यंत एक सरळ रेषा मिळते. स्प्रेडरपाशी डोलकाठीच्या मागच्या कडेपासून त्या दोरीचं अंतर म्हणजे तुमचा बाक. तो डोलकाठीच्या पुढे-मागच्या जाडीच्या निम्म्याइतका हवा, तुमच्याकडे ७ सेंटिमीटरच्या आसपास. दोरी डोलकाठीला टेकत असेल तर बाक शून्य. मधला भाग मागे गेला असेल तर आधी तेच सुधारा, उलटा बाक असलेल्या डोलकाठीवर शिडं चढवायची नसतात.

आता मागचे लोअर. हे बाक काढण्यासाठी नसून धरून ठेवण्यासाठी आहेत. खेळ जाईपर्यंत आवळा, मग थोडं आणखी, आणि खाचेतून बघत राहा. बाक कमी व्हायला लागला की तिथेच थांबा. पुढच्यांपेक्षा हे नेहमी थोडे सैल असतात. माझ्या पाहण्यात थरथरणाऱ्या डोलकाठ्यांमध्ये हेच दोन सर्वांत जास्त दुर्लक्षित असतात. मालक कॅप श्राउड हलवून बघतो, पुढचे लोअर हलवून बघतो, मागच्यांना हात लावत नाही.

शेवटी बॅकस्टे, १५ ते २० टक्क्यांपर्यंत. बाक दिलेला असल्यामुळे बॅकस्टेचा ताण आता डोलकाठीला आणखी पुढे ढकलतो आणि मागचे लोअर ताठ होतात. म्हणून बॅकस्टे झाल्यावर बाक पुन्हा मोजा.

नंतर समुद्रावर चाचणी. बोट वाऱ्याच्या जवळ घेऊन १५-२० अंश कलली असताना वाऱ्याआडचा कॅप श्राउड थोडा मऊ झालेला चालतो, लोंबकळता कामा नये. लोंबकळत असेल तर त्या सैल बाजूला एक-दोन फेरे द्या, बोट दुसऱ्या बाजूला वळवा आणि तिकडेही मोजून तेवढेच द्या. ताणलेल्या बाजूचं टर्नबकल चालत्या बोटीवर फिरवू नका. परत आल्यावर प्रत्येक टर्नबकलला स्प्लिट पिन घाला, टोकं थोडीच उघडा, वरून चिकटपट्टी. फक्त लॉकनट पुरत नाही, कारण थरथर हीच नट सोडवणारी गोष्ट आहे.

तारा नव्या असतील तर काही आठवड्यांत बसतात आणि पुन्हा एकदा आवळाव्या लागतात. पण जुन्या तारांची रिग दर महिन्याला आवळावी लागत असेल तर तारांकडे बघू नका, खाली बघा. डेकवर उभ्या डोलकाठीखाली केबिनमध्ये एक खांब असतो. त्याच्या बुडाशी किंवा डोक्याशी लाकूड कुजलं की डेक खाली बसतं आणि ताण आपोआप उतरतो. केबिनचं दार अचानक अडकायला लागलं, डोलकाठीभोवती डेकवर बशीसारखा खळगा झाला आणि पाणी साचायला लागलं, ही त्याची लक्षणं. हे दुरुस्त झाल्याशिवाय ट्यूनिंगला अर्थ नाही. किलपर्यंत जाणाऱ्या डोलकाठ्यांमध्ये डेकच्या भोकातल्या पाचरी सैल होतात, त्या ठोकून बसवल्या की निम्मा त्रास तिथेच संपतो. तुम्हाला ते लागू नाही.

हे सगळं नीट केल्यावर काय होईल? १० नॉटला होणारी थरथर जाईल. १५-१८ नॉटला कदाचित नवी, बारीक, वेगवान थरथर सुरू होईल. निराश होऊ नका. ट्यूनिंगनं थरथर नष्ट होत नाही, ती कुठल्या वाऱ्याला सुरू होईल तेवढं ठरतं. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्वतःहून कंपन फारसं शोषून घेत नाहीत, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या वेगाला लय जुळणारच. आपल्याला तो वेग रोजच्या वाऱ्याच्या वर न्यायचा असतो. त्याच्याही वरच्या दिवसांसाठी वेगळे उपाय आहेत.

पहिला, तात्पुरता स्टे. स्पिनेकर पोलची (पुढच्या फुगीर शिडाच्या दांड्याची) टॉपिंग लिफ्ट, म्हणजे तो दांडा उचलून धरणारी दोरी, बहुतेक बोटींवर साधारण स्प्रेडरच्या उंचीवरून निघते. बोट सोडून घरी जाताना ती फोरडेकवरच्या मजबूत कड्याला अडकवा आणि विंचवर (दोर ओढायच्या चरखीवर) ओढा. मधला भाग पुढे ओढला जातो, लय बदलते. ही दोरी स्टीलच्या तारेपेक्षा मऊ असते, त्यामुळे थोडं कंपनही गिळते. हात डोलकाठीवर ठेवून दोरी ओढा, थरथर मेल्याचं तळव्याला लगेच कळतं. तुमच्या रिगचे पुढचे-मागचे लोअर ठीक असतील तर कायमचा बेबीस्टे (मधल्या भागाला पुढून धरणारी जादा तार) बसवायचा खर्च मी करणार नाही.

दुसरा, वारा बिघडवणं. भोवरे एका लयीत सुटतात ते खांबाची कड वरपासून खालपर्यंत सारखी असते म्हणून. ती सलगता मोडली की वेगवेगळ्या उंचीवर भोवरे वेगवेगळ्या वेळी सुटतात आणि धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. कारखान्यांच्या पोलादी धुराड्यांवर वरच्या भागात नागमोडी पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात, त्या याचसाठी. ब्रिटनमधल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्क्रूटन आणि वॉल्श यांनी १९५० च्या दशकात ती युक्ती काढली: तीन पट्ट्या, खांबाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतक्या उंच, आणि पाचपट जाडीइतक्या अंतरात एक वेढा. तुमच्या डोलकाठीला लावायचं तर १४ मिलिमीटरचा दोर आणि पाऊण मीटरला एक वेढा. पण लोअर आणि स्प्रेडर आडवे येतात, त्यामुळे दोर वेढत वर नेणं कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं नसतं. स्प्रेडरच्या खालचा भाग जमतो, वरचा भाग सोडून द्यावा लागतो, आणि जास्त वारा वरच असतो.

त्यापेक्षा कॅनव्हासची पट्टी बरी. वीतभर रुंद, सहा-सात मीटर लांब, एका कडेला शिडासारखाच दोर शिवलेला. मेनसेलच्या खाचेत घालून हॅलयार्डनं वर चढवायची, खालून दुसऱ्या दोरीनं ताणून बांधायची. तिनं खांबाच्या एका कडेचा आकार बदलतो आणि दोन्हीकडचे भोवरे जुळत नाहीत. सुटी फडफडत ठेवू नका, चार दिवसांत चिंध्या होतील. जुन्या मेनसेलच्या कापडातून कुठलाही शीड शिवणारा कारागीर अर्ध्या दिवसात करून देईल. मेनसेल दर वेळी खाचेतून काढून ठेवणाऱ्यांना हा सोपा उपाय आहे. शीड बूमवरच गुंडाळून ठेवत असाल तर खाचेत त्याच्या वर जागा मोकळी असते, पण आत घालायचं तोंड शिडानं अडतं, तेवढं बघा.

एवढा खटाटोप कशासाठी, आवाज तर होतो फक्त, असं वाटत असेल तर गणित करा. सेकंदाला १० वेळा म्हणजे तासाला ३६,००० वेळा. दुपारचे चार तास म्हणजे जवळपास दीड लाख. ऑक्टोबर ते मे या हंगामात अशा शंभर दुपारी धरल्या तर दीड कोटीच्या घरात. अॅल्युमिनियमला पोलादासारखी "इतक्या ताणाखाली कधीच तडकणार नाही" अशी मर्यादा नसते, हेलकावे मोजत ते थकतच जातं. वादळात डोलकाठी पडते तेव्हा दोष वादळाला जातो, पण तड बऱ्याचदा आधीच अशा शांत दुपारी पडलेली असते.

तड कुठे शोधायची? स्प्रेडरच्या बुंध्याशी, जिथे तो डोलकाठीच्या भिंतीत बसतो. लोअर अडकतात त्या खाचेच्या कोपऱ्यांत. आणि तारांच्या खालच्या स्वेज टर्मिनलवर (तारेवर दाबून बसवलेल्या टर्मिनलवर). ही जागा भिंगातून बघा: टर्मिनलच्या नळीवर उभी केसासारखी रेघ, किंवा तार आत शिरते तिथून उतरलेला तपकिरी ओघळ. ओघळ पॉलिशनं पुसून निघाला तरी खाली रेघ उरतेय का ते बघा. तारेवरून कागदी रुमाल हलकेच फिरवा, तुटलेलं एखादं सूत असेल तर तो अडकतो. (हाताचं बोट फिरवू नका.) आपल्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलच्या तोंडाशी मीठ साचून आतून गंज धरतो, म्हणून दर आठवड्याला गोडं पाणी मारणं हे ट्यूनिंगइतकंच कामाचं. तारा १० वर्षांवर गेल्या असतील आणि मागच्या मालकानं कधी बदलल्या याचा कागद नसेल, तर मी तपासत बसणार नाही, बदलेन. आधी लोअर, कारण थरथरीचा मार त्यांनीच खाल्लाय.

आणि टॉगल. टर्नबकल आणि चेनप्लेट यांच्यात दोन्ही दिशांना वळणारा सांधा हवा. तो नसेल तर तारेचा प्रत्येक हेलकावा टर्मिनलच्या तोंडाशी वाकवला जातो, आणि वर सांगितलेली तड तिथेच पडते. जुन्या बोटींवर कुणीतरी कधीतरी टर्नबकल बदलताना टॉगल गाळून थेट शॅकल (साधी यू-आकाराची कडी) लावलेला सापडतो. सहाच्या सहा तारांखाली हात घालून हलवून बघा, फोरस्टे आणि बॅकस्टेच्या दोन्ही टोकांनाही.

राहिला पावसाळा. मुंबईत मे अखेरीस बोटी बाहेर काढतात, तेव्हा डोलकाठी उभीच ठेवून क्रेनचे पैसे वाचवण्याचा मोह होतो. पाण्यातली बोट थोडी डुलून कंपन जिरवते. जमिनीवर टेकूंवर ठेवलेली बोट डुलू शकत नाही, आणि सगळी थरथर टेकूंमध्ये उतरते. नैऋत्येचा वारा दिवसचे दिवस एकाच बाजूनं लागला की पाचरी सैल होतात, टेकू सरकतात. डोलकाठी उतरवा. क्रेन लावणं अगदीच शक्य नसेल तर कॅनव्हासची पट्टी चढवा, टॉपिंग लिफ्ट पुढे ओढून बांधा, टेकू एकमेकांना साखळीनं जखडा, आणि दर आठवड्याला कुणालातरी पाचरी ठोकून बघायला सांगा. उतरवलीत तर लोअरची टर्मिनल काढून खाचांचे कोपरे साफ करा आणि तड दाखवणारा लाल डाय स्प्रे मारून बघा. डोलकाठी उभी असताना बोसनच्या खुर्चीत (दोरानं वर ओढायच्या झोपाळ्यासारख्या आसनात) लटकून ही तपासणी धड होत नाही.